पकडपटूंवर बोली: हिशेब कसा लागला?

• सोलापूरच्या गल्लीतल्या मैदानापासून प्रो कबड्डीच्या मॅटपर्यंत संघ सात जणांचाच. बचावात दोन टोकांना डावा-उजवा कोपरा, मध्ये कव्हर. घोटा धरणारा कोपरारक्षक सर्वांत महाग.

• पकडीला 1 गुण. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना पकड झाली तर ती ‘सुपर टॅकल’, 2 गुण. एका सामन्यात पकडीचे 5 गुण म्हणजे ‘हाय फाइव्ह’.

• प्रो कबड्डी 2014 पासून. लिलावात 1 कोटीचा आकडा गाठणारा पहिला खेळाडू बचावपटूच: इराणचा फझल अत्राचली (यू मुंबा, 2018). त्या मोसमाचे विजेतेपद मात्र बेंगळुरू बुल्सकडे गेले.

• महंमदरेझा शादलू, इराणचा डावा कोपरा. 2023 मध्ये पुणेरी पलटणने 2.35 कोटी मोजले. 1 मार्च 2024 रोजी पलटणने हरियाणा स्टीलर्सला 28-25 असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले. पुढच्या लिलावात त्याच हरियाणाने त्याला 2.07 कोटींना घेतले आणि त्या मोसमाचा करंडक जिंकला.

• तुलनेसाठी, 2023 चा सर्वांत महागडा खेळाडू चढाईपटू पवन सेहरावत: 2.605 कोटी. त्याचा तेलुगू टायटन्स संघ तळाला राहिला.