पाटावरच्या नाण्यांतील लक्ष्मी

आश्विन वद्य अमावास्येच्या सायंकाळी, दिवेलागण झाल्यावर, महाराष्ट्रातील कितीतरी घरांत एक जुनी डबी उघडली जाते. वर्षभर ती कपाटाच्या खोल कप्प्यात, लाल फडक्यात गुंडाळून ठेविलेली असते. पाटावर तांदळाचे स्वस्तिक रेखिले जाते, नवी केरसुणी हळदकुंकू लेवून शेजारी बसते, लाह्या-बत्ताशांची वाटी येते आणि मग घरातील वडीलधारी स्त्री त्या डबीतून एकेक नाणे काढून तबकात मांडते. चारपाच राणीछाप रुपये, असलीच तर एखादी मोहोर, माळेतून सुटलेली एखादी पुतळी. यांपैकी एकाही नाण्याने आज बाजारात भाजीची जुडी मिळावयाची नाही. तरीही त्या दिवशी नोटांच्या पुडक्याला नाही एवढा मान त्यांना असतो. आम्ही लहानपणापासून हे तबक पाहात आलो. पण त्यांतील नाण्यांवर नेमके कोण आहे, हे विचारण्याची बुद्धी मात्र आम्हाला फार उशिरा झाली.

श्रीसूक्तात लक्ष्मीला सुवर्णासारख्या कांतीची आणि सोन्यारुप्याच्या माळा धारण करणारी म्हटले आहे. हत्तींच्या गर्जनेने ती जागृत होते असेही तेथे सांगितले आहे. हे वर्णन नाण्यावर उतरले त्याला दोन हजार वर्षे झाली. आपल्याकडील सर्वांत जुनी नाणी म्हणजे चांदीचे आहत कार्षापण. त्यांवर सूर्य, वृक्ष, प्राणी अशा चिन्हांचे ठसे असत. राजाचे नाव नसे. पुढे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात वायव्येकडील शक राजा अयिलिष याने चांदीच्या नाण्यावर कमळावर उभी असलेली देवी आणि तिच्यावर कलश रिते करणारे दोन हत्ती कोरविले. राजा परका, लिपी अर्धी ग्रीक. आणि देवी मात्र आपली गजलक्ष्मी!

गुप्त सम्राटांच्या काळी ही देवी सोन्यावर आली. समुद्रगुप्ताच्या दीनारांवर प्रारंभी जी देवी दिसते ती सिंहासनावर बसलेली, हाती धान्यफळांनी भरलेले शिंग घेतलेली. ही कुषाणांच्या नाण्यांवरील अर्दोक्षो. दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या कारकिर्दीत मात्र सिंहासन जाऊन तेथे कमळ आले, शिंगाच्या जागीही कमळ आले आणि परदेशी वेषातील ती देवता निखळ लक्ष्मी झाली. टांकसाळीतल्या कोणा अनाम कारागिराने हे स्थित्यंतर पिढी-दोन पिढ्यांत घडवून आणिले. ग्रंथांत त्याची नोंद नाही. ती सोन्यावर आहे.

ही नाणी आपल्याला आज पाहावयास मिळतात यात दैवाचा भाग मोठा. १९४६ साली तेव्हाच्या भरतपूर संस्थानात बयान्याजवळ एका तांब्याच्या भांड्यात गुप्तांच्या सुवर्णनाण्यांचा निधी सापडला. वार्ता दरबारी पोचण्यापूर्वी काही नाणी गावातच आटविली गेली. तरी १,८२१ नाणी हाती लागली. त्यांची सूची करण्याचे काम आपल्या डॉ. अनंत सदाशिव आळतेकरांनी केले आणि ती १९५४ साली प्रसिद्ध झाली. जी नाणी मुशीत गेली, त्यांवर काय होते हे आता कोणीही सांगू शकणार नाही. सोन्याचा भाव तेवढा पदरात पडला असेल.

मध्ययुगातील कथा तर याहून विलक्षण. त्रिपुरीच्या कलचुरी गांगेयदेवाने अकराव्या शतकात एका बाजूस चतुर्भुज लक्ष्मी आणि दुसऱ्या बाजूस नागरीत आपले नाव, अशी सोन्याची नाणी पाडली. तो छाप उत्तर हिंदुस्थानात इतका रुळला की, शतक-दीड शतकाने मुहम्मद घोरीने जिंकलेल्या मुलखात नाणे काढले तेव्हा त्यानेही लक्ष्मी तशीच ठेविली आणि मागे नागरी अक्षरांत स्वतःचे नाव घातले. मूर्ती मानणे त्याला निषिद्ध होते. पण लोक ज्या नाण्याला ओळखतात तेच बाजारात चालते, हा व्यवहार त्यालाही मोडता आला नाही. पुढे अकबरानेही धनुर्धारी राम आणि सीता यांची आकृती व नागरीत ‘राम सीय’ अशी अक्षरे असलेले नाणे काढले.

आपल्या देवगिरीच्या यादवांनी देवीऐवजी तिचे आसन निवडले. त्यांच्या सुवर्णनाण्यावर मध्यभागी कमळ असे, म्हणून ते पद्मटंक. विजयनगरच्या होनांवर लक्ष्मीनारायण आणि उमामहेश्वर जोडीने बसलेले आढळतात. होन हा शब्दच कानडीतील सोन्यापासून आला आहे. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा शिवछत्रपतींनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. त्या होनावर कोणतीही मूर्ती नाही. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’, एवढीच देवनागरी अक्षरे. फारसी अक्षरांच्या नाण्यांनी भरलेल्या त्या काळात ही अक्षरे हेच दैवत होते, असे आम्हाला वाटते. हे होन आज अत्यंत दुर्मीळ आहेत. बहुतेक आटून दागिन्यांत गेले असावेत.

आता पुतळीकडे वळू. पुतळ्यांची माळ मराठी स्त्रीच्या अंगावर किती शोभते हे सांगावयास नको. पण ती पुतळी मूळची कुठली? ती आली इटलीतील व्हेनिस नगरीतून. तेथे १२८४ पासून डुकाट नावाचे सोन्याचे नाणे निघू लागले. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम आणि सोने जवळजवळ शंभर नंबरी. मिरी-मसाल्याच्या मोबदल्यात ही नाणी अरबी समुद्र ओलांडून आपल्या बंदरांत उतरली. व्हेनिसचे प्रजासत्ताक १७९७ साली लयास गेले, तरी कस आणि छाप पाच शतके बदलला नाही. म्हणून सराफ ते डोळे मिटून घेत. नाण्यावर ख्रिस्ती संत मार्क उभे आहेत, त्यांच्यासमोर नगराधिपती गुडघे टेकून त्यांच्या हातून ध्वज स्वीकारीत आहे. मागील बाजूस ताऱ्यांच्या वलयात येशू. आपल्या आज्या-पणज्यांना लॅटिन अक्षरे कळण्याचे कारण नव्हते. त्यांना मानवी आकृती दिसल्या, म्हणून ती ‘पुतळी’. एक उभा, दुसरा नम्र, म्हणजे देव आणि भक्त. अर्थ फारसा चुकलाही नाही! पुढे आपल्याच सोनारांनी तो छाप उठविला; आकृत्या हळूहळू पुसट, ठोकळेवजा झाल्या, अक्षरांच्या नुसत्या रेघा उरल्या. आपल्या घरच्या पुतळीवर अक्षरे स्वच्छ वाचता येत असतील तर ती मोडीत घालण्यापूर्वी जाणकाराला अवश्य दाखवावी. आमच्या नात्यातील एका घरी लग्नखर्चासाठी एक संपूर्ण माळ मोडीच्या भावाने गेली. तिच्यातील दोन पुतळ्या अस्सल व्हेनिसच्या होत्या, हे नंतर जुन्या छायाचित्रावरून उमगले. त्या घरी लक्ष्मीपूजनाला अजूनही तबकात त्या माळेची रिकामी पेटी ठेवतात.

रुपयाचा इतिहास थोडक्यात सांगतो. शेरशहा सूराने सोळाव्या शतकात तो रूढ केला. पेशवाईत चांदवडी, अंकुशी असे रुपये चालत. त्यांवर नाव दिल्लीच्या बादशहाचे, खूण मात्र आपली. अंकुश गणपतीच्या हातातला हे कोणा मराठी माणसाला सांगावे लागत नसे. १८३५ पासून कंपनीने सर्वत्र एक रुपया केला. वजन एक तोळा, त्यात बारांपैकी अकरा भाग चांदी. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ साली रुपया निकेलचा झाला. तेव्हा आपल्या डबीतील रुपयावरील साल पाहिले की चांदीचा कस कळतो. १९११ च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या झग्यावरील पदकात कोरलेला हत्ती इतका बेढब उतरला की लोकांना तो डुकरासारखा भासला. ओरड झाली, नाणी परत घेऊन वितळविली गेली आणि पुढच्या वर्षी हत्तीला नीट सोंड मिळाली. गजलक्ष्मीच्या देशात हत्ती चुकवून कसे चालेल?

अलीकडे सणाच्या तोंडावर राम, हनुमान किंवा लक्ष्मी यांची चित्रे आणि ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ अशी अक्षरे असलेली तांब्यापितळेची नाणी मोठ्या किमतीला विकली जातात. ती तांदूळ ओढून घेतात, घरात धन आणतात, असेही सांगितले जाते. कंपनीने मद्रासेकडे विष्णूची आणि दोन देवींसह बालाजीची आकृती असलेले सोन्याचे होन पाडले होते, हे खरे. परंतु रामदरबाराचा तो तांब्याचा आणा तिच्या कोणत्याही टांकसाळीचा नव्हे. जुने रामटंके निराळे. ते पूजेसाठी व यात्रेकरूंसाठी घडविलेले, चलन म्हणून ते कधीच नव्हते. आमच्या परिचयाच्या एका वृद्ध गृहस्थांनी निवृत्तीच्या पैशांतून असला आणा घेतला. तो खोटा आहे हे त्यांना सांगण्याचे धैर्य आम्हाला झाले नाही. देव्हाऱ्यात तो आजही आहे. रामाचे चित्र आहे, तेव्हा नमस्कार वाया जात नाही. पैसे मात्र गेले.

राहिली गोष्ट नाणी उजळण्याची. आमच्या आजी दर दिवाळीला चिंच आणि राखेने रुपये घासून लख्ख करीत. आम्हीही हौसेने घासू लागत असू. साठ वर्षांच्या त्या सेवेने राणीचे नाक गेले, मुकुट गेला, आणि आता एका रुपयावर साल कोणते ते बोटाने चाचपूनही कळत नाही. चांदीवर चढलेला काळसर पुट हा मळ नव्हे. तेच नाण्याचे कवच. कोमट पाण्यात बुडवून मऊ सुती फडक्याने नुसते टिपावे, हळदकुंकू कडेला वाहावे, आणि बलिप्रतिपदेला डबीत ठेवताना प्रत्येक नाणे वेगळ्या कागदात गुंडाळावे. आमच्या घरी यंदापासून चिंचेची वाटी पूजेच्या तयारीतून काढली आहे.