आजीच्या ओव्या कुठल्या फॉरमॅटमध्ये ठेवायच्या?

आजीच्या जात्यावरच्या ओव्या मी फोनवर रेकॉर्ड केल्या होत्या. जागा वाचवायला त्यांची छोटी एमपी३ केली आणि मूळ वेव्ह फाइल उडवली. आता आजी नाही, आणि एमपी३ने काढून टाकलेला आवाजही परत येत नाही. तिचीच फ्लॅक करून बघितली, फाइल फक्त फुगली!

फ्लॅक हा २००१ सालचा ओपन सोर्स फॉरमॅट, झिपसारखा. फाइल निम्मी-पाऊण होते, पण एकही बिट हरवत नाही. म्हणून रेकॉर्डर ॲपच्या सेटिंगमध्ये वेव्ह निवडा, नंतर फ्लॅक करून जपा. नातेवाइकांना पाठवायला ओपस वापरा. तोही मोफत, व्हॉट्सॲपची व्हॉइस नोट त्यातच असते. बोलण्याला २४ केबीपीएस पुरतात, गाण्याला मी ९६च्या खाली जात नाही.