गायन पार्टी हेही घराणेच!

‘घराणे’ हा शब्द प्रस्थापितांनी किराणा, ग्वाल्हेर, जयपूर यांच्यासाठी राखून ठेवला. आपल्या वस्तीतल्या गाणाऱ्या घराला मात्र नुसती ‘गायन पार्टी’ म्हटले गेले. मग प्रल्हाद शिंदे (१९३३-२००४) यांचे घर घराणे नाही तर काय? आई-वडील गाऊन पोट भरणारे. मुलाने विठ्ठलाची भक्तिगीते, कव्वाली आणि भीमगीते कॅसेटमधून घराघरांत नेली. पुढे आनंद, मिलिंद. मग नातू आदर्श. दुसरा नातू उत्कर्ष डॉक्टर झाला, तरी गाणे सुटले नाही.

अशा घरातले पोर पेटी-ढोलकीच्या आवाजात झोपते आणि कोरसमध्ये उभे राहून ताल शिकते. ना क्लास, ना फी. पण वाट सोपी नसते. रात्रीचा प्रवास, बिदागीचा भरवसा नाही. लोकशाहीर विठ्ठल उमप २०१० साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर मंचावरच कोसळले, ते उठलेच नाहीत. त्यांचे पुत्र नंदेश आजही गात आहेत.

आणि आम्ही काय करतो? जयंतीला डीजेसाठी वर्गणी खुशाल काढतो, गायन पार्टीच्या बिदागीत मात्र घासाघीस करतो! प्रत्येक जयंती मंडळाने एक रात्र गायन पार्टीसाठी ठेवावी, बिदागी आगाऊ द्यावी आणि वस्तीतली चार पोरे कोरसला उभी करावीत. डीजे भाड्याने मिळतो. गाणारे घर भाड्याने मिळत नाही. ते समाजालाच जगवावे लागते.

जयभीम!