डॉर्नियर २२८ : ‘पंख्याच्या विमाना’विषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

डॉर्नियर २२८ हे दोन इंजिनांचे, १९ आसनांचे हलके टर्बोप्रॉप विमान आहे. भारताचे हवाई दल, नौदल आणि तटरक्षक दल ही तिन्ही दले ते वापरतात. बेळगाव-निपाणी भागाला त्याचे जवळचे ठाणे म्हणजे गोव्यातील दाबोळीचा नौदल तळ, आयएनएस हंसा. सांबरा विमानतळापासून दाबोळी आकाशमार्गे सुमारे १०० किलोमीटर, म्हणजे या विमानाला वीस मिनिटांचा प्रवास. तरीही या जातीच्या विमानांबद्दल बरेच गैरसमज रूढ आहेत.

सर्वांत पक्का बसलेला समज असा, की पंखा दिसला म्हणजे विमान जुन्या काळातले. डकोटासारख्या विमानांचा पंखा पिस्टन इंजिनावर फिरत असे. मोटारीच्या इंजिनाचाच तो मोठा भाऊ. टर्बोप्रॉपमध्ये मात्र पंख्यामागे जेट विमानात असते तसेच टर्बाइन असते. ऊसपट्ट्यातल्या वाचकाला हे समजायला साखर कारखाना पुरेसा आहे. तिथे बॉयलरची वाफ टर्बाइन फिरवते, गिअरबॉक्स तो प्रचंड वेग उतरवतो आणि मग जनित्र फिरते. डॉर्नियरमध्ये वाफेऐवजी जळत्या इंधनाचा तप्त वायू असतो. त्याच्या टीपीई-३३१ इंजिनाचा मुख्य दांडा मिनिटाला ४१,७३० फेरे घेतो. गिअरबॉक्समधून पंख्यापर्यंत पोचतात ते अवघे १,५९१. जेट इंजिन थोडी हवा फार वेगाने मागे फेकते, पंखा पुष्कळ हवा सावकाश ढकलतो. ताशी ३००-४०० किलोमीटरच्या वेगाला दुसरी रीत कमी इंधनात भागते. म्हणून पंखा ठेवला आहे, जेट परवडले नाही म्हणून नव्हे.

पंख्यामागे टर्बाइन असल्याचा पुरावा सांबऱ्यातच डोळ्यांनी पाहता येतो. एटीआर-७२ विमान प्रवासी घेत उभे असते तेव्हा कित्येकदा उजवा पंखा अगदी स्थिर असतो, आणि त्याच्यामागून इंजिनाची शीळ मात्र चालू असते. या विमानात पंखा ब्रेकने धरून ठेवता येतो. आत टर्बाइन फिरतच राहते आणि विमानाला वीज पुरवते. पंखा आणि इंजिन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच दिसते.

लष्करी वाहतूक विमान म्हटले की रणगाडे गिळणारे अवाढव्य धूडच डोळ्यांसमोर येते. डॉर्नियरचे उड्डाणावेळचे कमाल वजन साडेसहा टनांच्या आत आहे आणि पंखांचा पसारा १७ मीटरला किंचित कमी. त्याचे मोल ठरते ते धावपट्टीवर. पूर्ण भाराने उड्डाण करायला त्याला ८०० मीटरच्या आसपास धावपट्टी पुरते. सांबऱ्याची धावपट्टी आज २,३०० मीटरची आहे. कोल्हापूरच्या उजळाईवाडीची वाढवण्यापूर्वी १,३७० मीटर होती. तीही डॉर्नियरला ऐसपैस झाली असती.

एवढ्या कमी जागेत उडण्याचे बळ पंखांच्या आकारातून येते. डॉर्नियर कंपनीने नव्या घडणीचा पंख १९७९ पासून एका जुन्या विमानावर चढवून उडवून पाहिला आणि २८ मार्च १९८१ रोजी २२८ ने पहिली भरारी घेतली. धड मात्र मुद्दाम चौकोनी ठेवले. पेटीसारख्या धडात आसने काढून खोकी रचता येतात, स्ट्रेचर ठेवता येतात, यंत्रे बसवता येतात. या चौकोनाची किंमतही आहे. आतल्या हवेचा दाब राखण्याची सोय त्यात नाही. त्यामुळे ते बहुधा १०,००० फुटांच्या खालीच उडते आणि पावसाळ्यात आंबोली-चोर्ल्यावर दाटणारे ढग जेटप्रमाणे वरून ओलांडणे त्याला जमत नाही.

‘हलके असले तरी सैन्य उतरवायला उपयोगी’ ही समजूतही तपासून घ्यायला हवी. थोडे छत्रीसैनिक ते सोडू शकते, पण पलटण नाही. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र. याच रेजिमेंटच्या तिसऱ्या पलटणीतून पुढे २ पॅरा झाली, आणि ११ डिसेंबर १९७१ रोजी तिने आजच्या बांगलादेशातल्या टांगाईलला छत्रीउडी घेतली. त्या कामाला एएन-१२, पॅकेट, डकोटा अशी मोठी विमाने लागली. आज ती जबाबदारी सी-२९५ सारख्या विमानाची आहे. तेही टर्बोप्रॉपच, त्याचे इंजिन एटीआरच्याच पीडब्ल्यू-१२७ कुळातले. पण त्यात ७१ सैनिक बसतात आणि मागून उतरता दरवाजा आहे. डॉर्नियर त्याची लहान आवृत्ती नव्हे, दोघांची कामे निराळी आहेत.

डॉर्नियरचे खरे काम समुद्रावर चालते, आणि तेच लोकांना सर्वांत कमी ठाऊक आहे. नौदल आणि तटरक्षक दलाच्या विमानाच्या पोटाखाली एक फुगीर घुमट दिसतो; त्यात टेहळणीचे रडार असते. अनोळखी जहाजांवर नजर ठेवणे, भरकटलेली मच्छीमार नौका शोधणे, बुडणाऱ्यांसाठी तराफा टाकणे यासाठी सावकाश आणि खालून उडणारे विमानच लागते; तिथे जेटचा वेग उलट अडचणीचा. जर्मन नौदल याच विमानाने समुद्रावरील तेलाचे तवंग शोधत आले आहे. नौदलाच्या पहिल्या महिला वैमानिक लेफ्टनंट शिवांगी २०१९ मध्ये याच विमानावर रुजू झाल्या. ३ ऑगस्ट २०२२ रोजी पोरबंदरहून पाच महिला अधिकाऱ्यांनी स्वतंत्रपणे टेहळणीची मोहीम पार पाडली, तीही डॉर्नियरमधून. त्यांत लेफ्टनंट अपूर्वा गिते होत्या. हे काम निर्धोक नाही. २४ मार्च २०१५ च्या रात्री गोव्याजवळ नौदलाचे डॉर्नियर समुद्रात कोसळले आणि लेफ्टनंट किरण शेखावत व लेफ्टनंट अभिनव नागोरी यांनी प्राण गमावले. अशा माणसांच्या जागरणावर किनाऱ्यावरची झोप अवलंबून असते, याची जाण घाटावरही असायला हवी.

हे विमान परदेशी, आपण फक्त सुटे भाग जोडतो, असेही म्हटले जाते. आराखडा जर्मन आहे, यात शंका नाही. हिंदुस्तान एरोनॉटिक्सने १९८३ मध्ये परवान्याचा करार केला आणि कानपूरला उत्पादन सुरू झाले. मूळ कंपनी पुढे बुडाली, कानपूरचे काम थांबले नाही. स्वित्झर्लंडच्या रुआग कंपनीने २०१० च्या सुमारास सुधारित आवृत्ती काढली, तेव्हा तिचे धड, पंख आणि शेपूट कानपूरहून जर्मनीला जात होते. याच विमानाच्या नागरी आवृत्तीने १२ एप्रिल २०२२ रोजी दिब्रुगड-पासीघाट प्रवासी सेवा सुरू केली. मार्च २०२३ मध्ये हवाई दलासाठी आणखी सहा विमानांचा ६६७ कोटी रुपयांचा करार झाला. त्यांना पाच पात्यांचे पंखे ठरले आहेत.

उरतो तो खास बेळगावचा गोंधळ. सांबऱ्याला हवाई दल आहे म्हणजे तिथे लष्करी विमानांचा ताफा असणार, असे बाहेरून येणाऱ्याला वाटते. तिथे आहे ती एअरमन ट्रेनिंग स्कूल. विमाने नव्हे, हवाई दलाची माणसे तिथे घडतात. तसेच महामार्गावरील हत्तरगीच्या एकस औद्योगिक वसाहतीत विमान तयार होत नाही. तिथे विमानांचे धातूचे भाग घडवले आणि कातले जातात, त्यांच्या पृष्ठभागावर प्रक्रिया होते आणि ते एअरबससारख्या कंपन्यांकडे जातात. सी-२९५ ची जुळणी होते ती वडोदऱ्याला, टाटांच्या कारखान्यात, ज्याचे उद्घाटन २८ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले.