कोंदिवड्याहून सोनकीकडे

नवरात्रात कर्जत स्टेशनबाहेर कोंदिवड्याची टमटम भरेस्तोवर ऊन चढलेलं असतं. भात लोंब्यांनी वाकलेलं असतं. पाठीवर दोन दिवसांचा शिधा घेऊन मी दर आश्विनात राजमाचीची वाट धरतो, ती सोनकीच्या पिवळ्या फुलांसाठी.

युरोप-अमेरिकेत आणि आपल्याकडे सिक्कीमच्या उंचीवर लार्च नावाचं सूचिपर्णी झाड आहे. थंडीच्या तोंडावर ते पानांतलं हिरवं द्रव्य आवरून घेतं, आधीपासून दडलेलं पिवळं उघडं पडतं, मग पानं झडतात. ते बघायला माणसं बिऱ्हाड पाठीवर घेऊन डोंगर चढतात. सह्याद्रीत पानगळ होते ती पाणी आटल्यावर, माघ-फाल्गुनात. आश्विनातलं इथलं सोनं, म्हणजे सोनकी, पानं झडून नव्हे तर फुलून येतं.

वाटेत कोंढाणे लेणी लागतात. इथल्या इसवी सनापूर्वीच्या चैत्याच्या दर्शनी भागावर ब्राह्मी लेख आहे: कण्हाचा शिष्य बलक याने हे काम केलं. एवढ्या जुन्या कारागिराचं नाव वाचता येतं, याने मी दर वेळी थबकतो. तिथून राजमाचीच्या उधेवाडीपर्यंत दमछाक करणारा चढ.

माचीवर पोचल्यावर गुडघे टेकून एकच सोनकी बघावी. आपण जिला फूल म्हणतो ती फुलांची अख्खी वसाहत असते. कडेची प्रत्येक पाकळी म्हणजे एक फूल, मधल्या चकतीत नळीसारखी बारीक फुलं दाटीने. कुळ सूर्यफुलाचं. कातळावर माती जेमतेम चार बोटं. पाऊस गेला की तीही सुकते. म्हणून उगवणं, फुलणं, बी धरणं सगळं त्या ओलीत उरकावं लागतं. फुलांत लोळून फोटो काढणाऱ्यांना मी हेच सांगतो. चिरडलेलं रोप बी धरत नाही, आणि पुढच्या वर्षीची सोनकी त्या बियांतूनच यायची असते.

शास्त्रीय नाव आता ‘सेनेसिओ बॉम्बेएन्सिस’. पूर्वी ते ‘ग्रॅहमी’ होतं, जॉन ग्रॅहमवरून. मुंबई परिसरातल्या वनस्पतींची सूची करणारा हा माणूस १८३९ साली खंडाळ्यात वारला, म्हणजे इथून जवळच. ‘सेनेसिओ’ हे लॅटिनमधल्या ‘म्हातारा’वरून आलं, बियांवरच्या पांढऱ्या केसांमुळे. आपली पोरंही उडत्या बीला म्हातारीच म्हणतात. हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

खालापुरातल्या इर्शाळगडाची वाट मात्र मी सोडली आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीने तिथली इर्शाळवाडी गाडली. त्या उताराकडे फुलं बघायला पाय उचलत नाहीत.

गेल्या खेपेला उशीर झाला. दिवाळी उलटल्यावर गेलो. गवत पिवळं पडलेलं, सोनकीचे देठ वाळलेले. राजमाचीच्या श्रीवर्धन किल्ल्याच्या बुरुजाखाली एका देठावर अजून बी होतं. फुंकर मारली. चार-पाच म्हाताऱ्या उल्हासच्या दरीवर तरंगल्या आणि वाऱ्याने पुन्हा कातळाकडेच वळल्या.