साबणाचा अपव्यय आणि आपले पाणी

तेलाचा भाव लातूरच्या पेठेत लहान मुलासही ठाऊक असतो. परंतु त्याच तेलाचा साबण होतो कसा आणि आपल्या मोरीत तो वाया का जातो, ह्याचा विचार शिकलेले लोकही करीत नाहीत, ही खेदाची गोष्ट होय.

साबण म्हणजे तेल व कॉस्टिक सोडा ह्यांच्या संयोगाने झालेला क्षार. एक किलो सोयाबीन तेलास सुमारे 135 ग्रॅम, तर खोबरेल तेलास सुमारे 183 ग्रॅम सोडा लागतो, व ह्या क्रियेत ग्लिसरीन मोकळे होते. सोडा अधिक झाल्यास कातडी भाजते. कमी पडल्यास तेल तसेच उरते. साबणाच्या कणाचे एक टोक पाण्यास धरते, दुसरे तेलकट मळास. म्हणून मळ सुटून पाण्याबरोबर वाहून जातो.

परंतु लातूर-नांदेडकडील काळ्या पाषाणातून येणारे विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी बहुधा जड असते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणास प्रथम गाठतात आणि फेसाऐवजी पांढरा चिकट साका होतो. ही द्रव्ये संपेपर्यंत धुणे सुरूच होत नाही. गृहिणी वडी अधिक झिजविते आणि साका काढण्यास पाणीही अधिक ओतते. ज्या लातुरास एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, त्या शहरास हा दुहेरी तोटा परवडेल काय? गरिबाच्या घरी तर तो अधिकच जाणवतो.

उपाय कठीण नाहीत. पागोळ्यांचे पाणी साठवून धुण्यास वापरावे. ते मऊ असते. विहिरीच्या पाण्यात आधी थोडा धुण्याचा सोडा विरघळवून मग कपडे भिजवावेत. डिटर्जंट पावडरीचा असा साका होत नाही, हे खरे. परंतु जिच्यात फॉस्फेट असते, तिचे सांडपाणी गोदावरीत शेवाळ पोसते, हेही विसरता कामा नये.

व्यापाऱ्यांसही आमची एक विनंती आहे. अंगाच्या साबणाच्या वेष्टनावर स्निग्धांशाचे प्रमाण छापलेले असते. पहिल्या प्रतीस ते किमान 76 टक्के असावे लागते. गिऱ्हाइकास सुवास व रंग दाखविण्यापूर्वी हा आकडा दाखवावा. आणि शाळांनी एका बाटलीत पावसाचे, दुसरीत विहिरीचे पाणी घेऊन दोहोंत सारखाच साबण हलवून दाखवावा. जे शंभर व्याख्यानांनी पटणार नाही, ते त्या दोन बाटल्या क्षणात पटवितील.