जळके ऑइल : काटकसर कुठे चुकते?

इंजिनातून काढलेले काळे ऑइल आपल्याकडे सहसा फेकून दिले जात नाही. कुंपणाचे खांब, सेंट्रिंगच्या प्लेटा, गटारातले पाणी, कुठे ना कुठे ते कामी लावले जाते. वस्तू वाया जाऊ देऊ नये ही वृत्ती चांगलीच. पण या वापरांना आधार देणारे काही समज तपासून पाहायला हवेत.

गैरसमज : काळे पडलेले ऑइल संपलेले असते.
ते संपत नाही, मळते. त्यात काजळी, धातूचे बारीक कण, पाणी आणि न जळलेले इंधन मिसळते, शिवाय मुळात घातलेली ॲडिटिव्ह क्षीण होतात. मूळ तेल बहुतांशी शाबूत असते. पाणी आणि इंधन उडवून लावले, निर्वात ऊर्ध्वपातनाने गाळ वेगळा केला आणि शेवटी हायड्रोजनची प्रक्रिया केली, की पुन्हा बेस ऑइल हाती येते. नव्याने ॲडिटिव्ह घातल्यावर ते इंजिनात चालते. नुसते गाळून जुन्या डब्यात भरलेल्या ऑइलची भीती रास्त आहे; मात्र ती शुद्ध केलेल्या ऑइलच्या माथी मारण्याचे कारण नाही.

गैरसमज : डबक्यात जळके ऑइल टाकणे हा डासांवरचा उत्तम उपाय.
या समजात तथ्याचा अंश आहे, म्हणूनच तो टिकून आहे. बहुतेक डासांच्या अळ्या पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन हवा घेतात. वर तेलाचा थर आला की त्या गुदमरतात. पनामा कालवा खोदला जात असताना हिवताप रोखण्यासाठी पाण्यावर तेल फवारले गेले होते, आणि आपल्याकडच्या हिवताप नियंत्रणातही अळीनाशक तेल वापरले गेले आहे. तेव्हा कुणाला गॅरेजमधले ऑइल आठवले तर नवल नाही. पण अळीनाशक तेल त्याच कामासाठी बनवलेले असते. इंजिनातल्या ऑइलबरोबर जड धातू आणि इंधनाच्या ज्वलनातून आलेले विषारी हायड्रोकार्बनही पाण्यात उतरतात. थराखाली ऑक्सिजन कमी पडतो, अळ्या खाणारे जलचरही मरतात, आणि पहिल्या मोठ्या सरीबरोबर हे सगळे नाल्यातून नदीला मिळते. डेंग्यूचा डास तर मुख्यतः रांजणात, टायरात आणि कुंडीखालच्या बशीत वाढतो; तिथे दर आठवड्याला पाणी ओतून देणे पुरते. मोठ्या साठ्यात गप्पी मासे सोडता येतात, लहान डबके बुजवता येते.

गैरसमज : लिटरभर ऑइल माती मुरवून घेते.
डाग दिसेनासा झाला की प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. जमिनीतले जिवाणू तेलाचे विघटन करतात हे खरे, पण सावकाश. धातूंचे तर विघटन होतच नाही. महाराष्ट्राच्या मोठ्या भागात भूजल बेसाल्टच्या भेगांतून वाहते, आणि भेगांतून जाणारे पाणी फारसे गाळले जात नाही. एका गाडीतून एका वेळी निघणारे ऑइल दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर, गोडे पाणी दूषित करू शकते, असे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे सांगणे आहे.

गैरसमज : लाकडाला लावले की वाळवीची चिंता मिटते.
काही दिवस वाळवी लांब राहतेही. पुढे ऊन-पाऊस ऑइल धुऊन मातीत नेतात आणि हात पुन्हा काळे करावे लागतात. वापरलेले इंजिन ऑइल उंदरांच्या त्वचेवर वारंवार लावल्यावर कर्करोग झाल्याचे प्रयोगांत दिसले आहे. गोठ्याच्या दाराला ते उघड्या हाताने फासताना एवढे लक्षात असावे.

गैरसमज : भंगारवाल्याला विकले म्हणजे रिसायकल झाले.
सर्वांत खोलवर रुजलेला समज हाच. पैसे मिळतात, पिंप रिकामे होते, मग शंका कशाला? पण असे ऑइल भट्टीत इंधन म्हणून जाळले जाऊ शकते किंवा गाळून नव्याच्या नावाने विकले जाऊ शकते. भट्टीत गेलेले ऑइल कायमचे गेले, धातू तेवढे धुरात आणि राखेत उरले. २०१६च्या नियमांनुसार वापरलेले ऑइल हा घातक कचरा आहे आणि त्यावर प्रक्रिया करायला प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते. १ एप्रिल २०२४पासून ऑइलच्या उत्पादकांवरही पुनर्प्रक्रियेची जबाबदारी आली आहे. नियम कागदावर ठीक आहेत. गॅरेजच्या मागच्या पिंपापर्यंत ते पोचले आहेत का, हे ग्राहकाने विचारल्याशिवाय कळत नाही.

म्हणून पुढच्या सर्व्हिसिंगला ‘जुने ऑइल कुणाला देता?’ एवढे विचारावे. घरी ऑइल बदलणाऱ्यांनी ते कोरड्या, झाकणाच्या कॅनमध्ये साठवावे. त्यात पेट्रोल, थिनर किंवा कूलंट मिसळू नये, कारण भेसळीचे ऑइल शुद्ध करणे अवघड होते. फिल्टरही निथळून सोबत द्यावा, आणि कॅन अधिकृत प्रक्रियाकाराला माल देणाऱ्या गॅरेजकडेच सोपवावा.